वीस मिनिटांची कविता आणि नदीचं माहेर

कवितेच्या स्पर्धेत बसायचंय, विषय ऐनवेळी मिळणार, २० मिनिटांत कविता लिहायची, समोर मुरलेले कवी बसणार. तर तयारी कशी करू आणि अशानं कविता सुधारते का, असं विचारलंय तुम्ही.

तयारीचं आधी उरकतो, कारण मला खरं दुसरंच बोलायचंय. घरातनं निघतानाच छंद ठरवून निघा. अष्टाक्षरी घ्या. ओळीत आठ अक्षरं, लघु-गुरूची भानगड नाही, जोडाक्षर एकच धरायचं, बोटांवर मोजून होतंय. अभंग हातात बसला असेल तर ओळींत अक्षरं सहा-सहा-सहा-चार. गझलेच्या नादाला लागू नका. काफिये म्हणजे यमकं, ती शोधण्यातच बारा मिनिटं जातात आणि उरलेल्या आठात माणूस रदीफ, म्हणजे यमकामागं दरवेळी येणारा तोच शब्द, सांभाळत बसतो, सांगायचं ते राहतं. माझ्या शेजारी एक कॉलेजचा पोरगा भुजंगप्रयात वृत्तात लगागा लगागा (ल म्हणजे लघु, गा म्हणजे गुरू) करत बसला होता. वृत्त कुठं म्हणून चुकलं नाही त्याचं, फक्त कविता दोन ओळींची झाली. शेवट आधी लिहा, साफ प्रतीला तीन मिनिटं ठेवा, पेनं दोन न्या. झालं.

आता माझं ऐका.

मी मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर दिवाणजी आहे. हंगामात सौदा निघतो तेव्हा रव्यांच्या, म्हणजे गुळाच्या ढेपांच्या थप्पीपुढं गलका चाललेला असतो आणि मी उभ्या उभ्या दर लिहून घेतो. त्यामुळं घाईत लिहायची भीती मला कधीच नव्हती. दोन-तीन वर्षांमागं जुलैत ओळखीतल्या काही कविमंडळींनी अशी स्पर्धा ठेवली. मंगल कार्यालयाचा वरचा हॉल. खाली कुणाचा तरी साखरपुडा, वर आम्ही चौदा कवी. मोबाईल टोपलीत टाकायला लावले आणि सगळ्यांचा जीव त्या टोपलीत अडकला, कारण बाहेर पाऊस धो धो आणि नदी कुठवर आली ते कळायला मार्ग नाही. कोल्हापुरात जुलै-ऑगस्टात माणूस भेटला की नमस्काराच्या आधी ‘पाणी किती फूट?’ विचारतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ.

चिठ्ठी उघडली. विषय : उंबरठा.

पाच मिनिटं मी काहीच लिहिलं नाही. मग २०१९ चा ऑगस्ट आठवला. खोटं कशाला बोलू, आठवला नाही, त्याचं एक कडवं डोक्यात तयारच होतं. आमचं घर शाहूपुरीत, कुंभार गल्लीला लागून. त्या साली पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. गणपती महिन्यावर आलेले. शेजारच्या कुंभारांच्या मूर्ती आम्ही हातोहात आमच्या माळ्यावर चढवत होतो. रंग नाही, डोळ्यांची आखणी नाही, असे पांढरेफटक गणपती अंधारात ओळीनं बसलेले. आणि खाली आई उंबऱ्याशी पाट मांडून पंचगंगेची ओटी भरत होती. खण, तांदूळ, नारळ, सगळं रीतसर. सोडलं पाण्यात. तांदूळ गेले, खण गेला, नारळ मात्र फिरून फिरून दोनदा आमच्याच पायरीला येऊन लागला. आई काहीतरी म्हणत होती, पावसात शब्द फुटके फुटके येत होते. त्याच आठवड्यात मनात जुळलं ते असं :

नदी उंबऱ्याशी आली
आई पाट देते तिला
ओटी भरून म्हणते
जा गं बाई माहेराला

आधीची तीन कडवी मी तिथंच बसून लिहिली आणि शेवटी हे लावलं. वाचून झालं तेव्हा खालचा साखरपुड्याचा माईकसुद्धा गप्प होता. लाईट गेली असेल.

परीक्षक एक निवृत्त सर. त्यांनी दोन हरकती काढल्या. एक, शेवटचं कडवं घरनं आणलेलं आहे, २० मिनिटांत असं येत नाही. दोन, नदीचं माहेर वर डोंगरात. सासर खाली, नृसिंहवाडीला, जिथं ती कृष्णेला मिळते. पूर ओसरतो म्हणजे पाणी खाली जातं, सासरी. ‘तुमची नदी उलटी वाहते हो,’ असं सर माईकवरनं म्हणाले. हॉल हसला. लगागावाला पोरगाही हसला.

पहिला नंबर ज्यांना मिळाला त्यांची ती आईवरची कविता मी याआधी तीन कार्यक्रमांत ऐकलेली. फक्त जिथं जिथं ‘पदर’ होता तिथं ‘उंबरठा’ आलेला. पदराला अक्षरं तीन, उंबरठ्याला चार, त्यामुळं प्रत्येक कडव्यात ओळ लंगडत होती. सरांच्या ते कानात गेलं नाही.

आता तयार कडव्याबद्दल मला काय वाटतं ते सांगतो, कुणाला राग आला तर येऊ दे. कलगी-तुऱ्याच्या फडात काय चालायचं? शक्ती थोर म्हणणारे कलगीवाले, शिव थोर म्हणणारे तुरेवाले. समोरून सवाल आला की तिथल्या तिथं जवाब द्यायचा. ते शाहीर काय रिकाम्या पोटी उभे राहायचे? गुरूकडनं आलेलं, स्वतः रचलेलं असं ढीगभर पाठ असायचं, आणि कुठल्या सवालाला त्यातलं काय काढायचं नि कसं जोडायचं यात सगळी करामत. त्याला चोरी कुणी म्हटलं नाही. २० मिनिटांत कोरं सुचतं असं जो सांगतो तो एकतर थापा मारतो नाहीतर त्याची कविता मला ऐकायची नाही. पण अख्खी शिवलेली कविता आणून विषयाचं बटण लावणं, हे मात्र हलकं काम. आता सर म्हणतील एक कडवं आणि अख्खी कविता यात रेघ कुठं मारायची. मारा कुठंही, मी अलीकडं आहे.

दुसऱ्या हरकतीचं उत्तर मला स्पर्धेत सुचलं नाही. दाभोळकर कॉर्नरला सिग्नलवर भिजत उभा असताना सुचलं. कृष्णा भरून चालली की पंचगंगेचं पाणी तिच्यात शिरत नाही, मागं फुगतं. फुगवटा म्हणतात त्याला. पुरात आमच्याकडं पाणी उलटंच चढतंय, सर! शिवाय हे मी रचलेलंच नाही, आई उंबऱ्यात बसून हेच म्हणाली होती, साक्षीदार घरात आहे.

घरी जाऊन साक्षीदाराला कविता वाचून दाखवली. आईनं शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाली, “मी कधी म्हटलं जा म्हणून? सवाष्णीची ओटी भरून जा म्हणतंय व्हय कोण? ये म्हणायचं असतंय.”

“मग तू ये म्हणालीस?”

“पुराला ये म्हणू? खुळा हाईस काय. जा म्हणायची चोरी, ये म्हणायची चोरी. गप बसले.”

“मी ऐकलंय की ‘जा’ म्हणताना.”

“ते नारळाला. सारखं माघारी यायला लागलं म्हणून म्हटलं, जा की मुडद्या.”

तर सुधारतं का म्हणाल, हात सुटतो एवढं नक्की. मी त्यानंतर दोनदा बसलो, नंबर नाही आला. तुम्ही बसा, जाऊ नका असं माझं म्हणणं नाही. परीक्षक कोण आहेत तेवढं आधी विचारून घ्या, म्हणजे मागनं त्रास नाही.

माझी ती चौथी ओळ वहीत अजून तशीच आहे. ‘जा गं’ खोडून ‘ये गं’ केलं तर अक्षरं आठच राहतात. ये गं बाई माहेराला. मग माहेर म्हणजे आमचंच घर होतं, नदी सरळ खाली सासरी जाते, आणि सरांची हरकतही मिटते. पण ही ओळ कुंभार गल्लीत जुलैमध्ये मोठ्यानं वाचायची माझी छाती नाही.