सीटीच्या आकड्यावरून मूळ डीएनए कसा मोजतात?

प्रश्न : कोविडच्या साथीत आमच्या घरातील दोघांच्या आरटी-पीसीआर अहवालांत सीटी अनुक्रमे १८ आणि २८ होती. चाचणीत डीएनएच्या अब्जावधी प्रती तयार होत असतील, तर मुळात किती होता हे यंत्राला कळते कसे? आणि या आकड्यांवरून दोघांमधील विषाणूंची तुलना करता येईल का?

उत्तर : अभिक्रिया संपल्यावर मोजले, तर ते खरोखरच कळत नाही. प्राइमर (नव्या धाग्याची सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) आणि न्यूक्लिओटाइड (धागा ज्यांचा बनतो ते घटक) खर्ची पडतात, प्रती तयार करणाऱ्या विकराचा (एन्झाइमचा) जोर ओसरतो, नवे धागे आपसांतच जुळू लागतात. मग सुरुवात शंभर प्रतींपासून झालेली असो वा लाखापासून, शेवट जवळपास सारखाच दिसतो. म्हणून रिअल-टाइम पीसीआरमध्ये प्रत्येक चक्राला, म्हणजे प्रती वाढवण्याच्या प्रत्येक फेरीला, नळीतील प्रकाश मोजतात. सायबर ग्रीनसारखे रंजक दुपदरी डीएनएला चिकटले की चमकते, त्यामुळे प्रती वाढतील तसा प्रकाशही वाढतो. तो ठरावीक पातळी ज्या चक्राला ओलांडतो, ते चक्र म्हणजे सीटी. मूळ डीएनए जितका जास्त, तितकी सीटी कमी. (कोरोना विषाणूत आरएनए असल्याने आधी त्याचा डीएनए करून घ्यावा लागतो.)

प्रत्येक चक्रात प्रती दुप्पट होत असतील, तर दहापट फरकाला सुमारे ३.३ चक्रे लागतात. आता समजा, १ लाख प्रतींचा प्रमाणित नमुना २० व्या चक्राला पातळी ओलांडतो, १० हजारांचा २३.३ ला आणि १ हजाराचा २६.६ ला. या बिंदूंतून काढलेल्या रेषेवर २५ सीटीचा अज्ञात नमुना सुमारे ३ हजार प्रतींपाशी बसतो. मोजमापाचा सगळा भरवसा या रेषेवर आहे.

तुमच्या आकड्यांत दहा चक्रांचे अंतर आहे. दर चक्राला नेमकी दुप्पट धरली, तर हा फरक १,०२४ पट भरतो; वाढ १.९ पटच होत असेल, तर तो सुमारे ६०० पटींवर येतो. त्यातच चाचणीचा संच (किट) किंवा तपासलेले जनुक वेगळे असेल, अथवा एकाचा स्वॅब नीट घेतलेला नसेल, तर तुलनाच कोलमडते. रुग्णाच्या अहवालासोबत प्रमाणित रेषा सहसा नसते, त्यामुळे सीटीवरून प्रतींची संख्या सांगणे धाडसाचे ठरते. महाराष्ट्राने २०२१ मध्ये रुग्ण बाधित ठरवण्यासाठीची सीटीची कमाल मर्यादा २४ करण्याबाबत विचारणा केली असता, त्यामुळे अनेक संसर्गक्षम रुग्ण निसटतील, असे सांगून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ३५ चीच मर्यादा कायम ठेवली होती.