पेंटासीनच्या पातळ थराची रचना ठरवताना

पेंटासीन या सेंद्रिय अर्धवाहकाच्या थराचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात विवर्तनाचे, म्हणजे स्फटिकातून विखुरलेल्या इलेक्ट्रॉनांच्या ठिपक्यांचे, पहिले चित्र मिळताच युनिट सेल (स्फटिकात पुन्हापुन्हा येणारा सर्वांत लहान ठोकळा) मांडण्याची घाई करू नका. नमुना ठेवलेल्या त्याच ग्रिडच्या (बारीक जाळीच्या) एका भागावर सोन्याचा विरळ थर चढवा आणि सोन्याच्या १११ प्रतलांमधील (अणूंच्या ठरावीक समांतर थरांमधील) ०.२३५५ नॅनोमीटर अंतराच्या आधारे कॅमेरा लांबी, म्हणजे चित्रातील अंतरांवरून स्फटिकातील अंतरे काढण्याचे प्रमाण, तपासून घ्या.

खरी अडचण मात्र नमुन्याच्या नाजूकपणाची आहे. इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने सेंद्रिय स्फटिक विस्कटतो आणि केंद्रापासून दूरचे ठिपके आधी पुसट होतात. म्हणून फोकस शेजारच्या जागेवर साधावा, प्रत्यक्ष चित्र अस्पर्शित जागेवर इलेक्ट्रॉनांच्या कमी मात्रेत घ्यावे आणि शक्य असल्यास नमुना द्रव नायट्रोजनने थंड ठेवावा.

सिलिकावर पेंटासीनचे रेणू जवळजवळ उभे राहत असल्याने थराला लंब किरणातून मुख्यतः थराच्या प्रतलातील युनिट सेलच्या दोन बाजू आणि त्यांमधला कोनच कळतो. तिसऱ्या दिशेसाठी नमुना टप्प्याटप्प्याने कलवावा लागतो, आणि तरीही नमुना धरणाऱ्या होल्डरच्या कलण्याच्या मर्यादेमुळे माहितीचा एक शंकू रिकामाच राहतो. ही उणीव क्ष-किरण विवर्तनाने भरून काढणे मला अधिक भरवशाचे वाटते: थरांमधील अंतर सुमारे १.५४ नॅनोमीटर आले तर ते पातळ थरातले रूप, १.४१ च्या आसपास आले तर एकस्फटिकातले.

ठिपक्यांच्या तीव्रतांवर मात्र जपूनच विश्वास ठेवा, कारण जाड भागात इलेक्ट्रॉन एकाहून अधिक वेळा विखुरतात आणि एरवी अतिशय पुसट असायला हवेत असे ठिपकेही उजळतात.