ठिबकच्या कंट्रोलरमध्ये तुझा कोड सापडला तर

भाऊ, तू जीपीएलखाली (कोड फुकट वापरा, पण तो घालून वस्तू विकली तर सोर्स म्हणजे मूळ कोडही द्या, असा परवाना) खुला ठेवलेला कोड एखाद्या कंपनीने सोर्स न देता कंट्रोलरमध्ये घातला, तर तिला नोटीस नंतर. आधी गिट लॉग (कोणता कोड कोणी कधी लिहिला याची नोंद) बघ. दुसऱ्यांनी पाठवलेल्या पॅचवर (कोडमधल्या दुरुस्त्यांवर) हक्क त्यांचाच राहतो, आणि नोकरीत लिहिलेला कोड बहुधा मालकाचा असतो. बरीच प्रकरणं इथेच अडतात.

मग पुरावा. जळगावातल्या दुकानातून कंट्रोलर पक्क्या बिलावर घे. फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) बिनवॉक या टूलने उघड आणि त्यात तुझे एरर मेसेज शोध. स्पेलिंगच्या चुकांसकट जुळले तर उत्तमच. फाइल हॅशसह (ती नंतर बदलली नाही हे दाखवणाऱ्या आकड्यासह) जपून ठेव, पुढच्या अपडेटमध्ये सगळं गायब होऊ शकतं. फर्मवेअर एन्क्रिप्टेड असेल तर मात्र काम अवघड.

मग कंपनीला नोटीस. तिच्यात पैसे नको, बिल्ड स्क्रिप्टसकट (सोर्सपासून फर्मवेअर बनवायच्या सूचनांसकट) सोर्स माग. जीपीएल ३ मध्ये पहिल्यांदाच चुकलेल्याने नोटिशीनंतर ३० दिवसांत सुधारणा केली तर परवाना परत मिळतो. जीपीएल २ मध्ये अशी सवलत नाही.

कोर्टात जायची वेळ आलीच तर कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम ६२ बघ: तू राहतोस तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. कॉपीराइटची नोंदणीही सक्तीची नाही. पण ‘फुकट’ कोडचं नुकसान रुपयांत मांडणं कठीण, म्हणून भरपाईपेक्षा मनाईहुकमावर जोर दे.