सिलिंड्रिकल नंबर: न जुळणाऱ्या दोन चिठ्ठ्या आणि उतरती फरशी

आपल्या अकरा वर्षांच्या मुलीला सिलिंड्रिकल नंबर (ॲस्टिग्मॅटिझम या दोषासाठीचा चष्म्याचा नंबर) लागला आहे, दोन ठिकाणच्या नंबराच्या चिठ्ठ्या जुळत नाहीत, नव्या चष्म्यातून फरशी उतरती दिसते आणि हा नंबर थेंबांनी किंवा व्यायामाने जाईल का, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही, पण शाळेपासून हाच नंबर वागवत आलो आहे.

आधी चिठ्ठ्यांबद्दल. एकीवर −१.००, सिलिंडर (एकाच दिशेतली शक्ती) −१.७५, अक्ष (तिची दिशा दाखवणारा कोन) १८० आहे आणि दुसरीवर −२.७५, सिलिंडर +१.७५, अक्ष ९० आहे. हा एकच नंबर दोन पद्धतींनी लिहिलेला आहे. पहिले दोन आकडे चिन्हांसह मिळवावेत, सिलिंडरचे चिन्ह उलटावे आणि अक्ष ९० अंशांनी फिरवावा, म्हणजे एकीवरून दुसरी तयार होते. कोणीही चुकलेले नाही.

या दोषात बहुधा कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा बाक, चमच्याच्या पाठीसारखा, एका दिशेत जास्त आणि तिच्या काटकोनातल्या दिशेत कमी असतो. त्यामुळे किरण एका बिंदूत मिळत नाहीत आणि अक्षरांना सावली येते. दोष आकाराचा असल्याने थेंबांनी वा व्यायामाने तो जात नाही, त्यावर पैसे घालवू नयेत. उपाय म्हणजे एकाच दिशेत शक्ती असलेली काच. खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी १८२५ मध्ये स्वतःच्या डाव्या डोळ्यासाठी ती घडवून घेतली होती. आजही तत्त्व तेच आहे.

या काचेत अक्षाला नंबराइतकेच महत्त्व असते, आणि दुकानात नेमके तिकडेच दुर्लक्ष होते. अक्ष १० अंशांनी चुकला तर सुमारे एक तृतीयांश दोष उरतो आणि ३० अंशांनी चुकला तर काचेचा लाभ जवळजवळ शून्य होतो. म्हणून फ्रेम वाकडी बसत नाही ना, हे अधूनमधून पाहावे. फरशी उतरती वाटणे नव्या सिलिंडरने होतेच. चष्मा सलग वापरला तर ते एक-दोन आठवड्यांत बहुतेकदा ओसरते. तरीही राहिले, तर अक्ष पुन्हा तपासून घ्यावा. या वयात चष्मा काढून ठेवण्याची सवय मात्र नको, कारण सतत धूसर चित्र मिळणाऱ्या डोळ्याची दृष्टी आळशी राहू शकते.

खरी काळजी करावी ती सिलिंडर दर तपासणीला वाढत गेला, विशेषतः एकाच डोळ्यात, तर. अशा वेळी केराटोकोनसची, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याची शक्यता तपासण्यासाठी कॉर्नियाची टोपोग्राफी, म्हणजे त्याच्या आकाराचा नकाशा काढणारी तपासणी, करून घ्यावी. हा विकार वेळेत सापडल्यास क्रॉस-लिंकिंगने, म्हणजे कॉर्निया घट्ट करणाऱ्या उपचाराने, त्याची वाढ बहुधा थोपवता येते. डोळे चोळण्याने हा विकार बळावू शकतो, म्हणून ॲलर्जीमुळे मुलगी डोळे चोळत असेल, तर त्या ॲलर्जीवर आजच उपचार सुरू करावेत.

टोरिक (सिलिंडर असलेल्या) कॉन्टॅक्ट लेन्सचा विचार ती स्वतः स्वच्छता सांभाळू लागल्यावर करता येईल. लेसरने नंबर घालवण्याचा प्रश्न अठरा वर्षे पूर्ण होऊन नंबर स्थिरावल्यावरच, आणि तोही टोपोग्राफी निर्दोष असेल तर.