मुलाला एनएफ-१ (न्यूरोफायब्रोमॅटोसिस, नसांवर गाठी येणारा जनुकीय आजार) आहे, पाठीतली गाठ वाढतेय. शस्त्रक्रिया अवघड म्हणतात, मग काय करावं?

ताई, आधी हे बघा: गाठ रात्री झोपेतून उठवण्याइतकी दुखते का, हाताला कडक लागते का, पायातलं बळ कमी झालंय का? यातलं एक जरी असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच डॉक्टरांना दाखवा, एमआरआयचं विचारा.

काढता न येणाऱ्या, त्रास देणाऱ्या प्लेक्सिफॉर्म (नसांच्या बाजूने पसरत वाढणाऱ्या) गाठींसाठी सेल्युमेटिनिब हे औषध आहे. अमेरिकेत २०२० मध्ये दोन वर्षांपुढच्या मुलांसाठी त्याला मान्यता मिळाली. बऱ्याच मुलांत गाठ आक्रसते, पण पूर्ण जात नाही. पुरळ, जुलाब होतात. हृदयाची इको करत राहावी लागते. आणि डोळे, औषध नसलं तरी, दरवर्षी तपासाच. नजर कमी होतेय हे लहान मूल आपणहून सांगत नाही.