वायफायची यादीच रिकामी दिसते का?

भाऊ, लॅपटॉपवरचं उबंटू (विंडोजसारखीच, पण लिनक्सवर चालणारी सिस्टिम) परत टाकायची घाई करू नकोस. परभणीत लाइट जाऊन आली की राउटरच अडकून बसतो, म्हणून आधी फोनवर घरचं वायफाय चालतंय का ते बघ.

लॅपटॉपवर शेजाऱ्यांची नावं दिसतात, पण घरचंच नाही? मग राउटर ५ गिगाहर्ट्झच्या लहरींवर अन् लॅपटॉपचं वायफाय कार्ड फक्त २.४ वालं असेल. राउटरमध्ये २.४ चालू कर.

यादीच रिकामी असेल तर टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) 'आरएफकिल लिस्ट' (rfkill list) चालव. 'हार्ड ब्लॉक्ड'पुढं 'येस' आलं तर वायफायचं बटण बंद आहे. सगळीकडं 'नो' असेल तर ड्रायव्हरवर, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, संशय घे. जुन्या लॅपटॉपात ब्रॉडकॉम कंपनीचं कार्ड असलं की हमखास हीच कटकट.

आता ड्रायव्हर उतरवायला नेट पाहिजे, अन् नेटच नाही! फोन केबलनं जोडून फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू कर, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला मिळेल; लिनक्स ते बहुतेक वेळा लगेच ओळखतं. मग 'अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स' उघडून तिथून ड्रायव्हर टाक. सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सोय) चालू असेल तर उबंटू एक पासवर्ड ठरवायला लावतं. रिस्टार्ट केल्यावर निळा पडदा येईल, तिथं 'एनरोल मॉक' (Enroll MOK, म्हणजे ड्रायव्हरच्या सहीची चावी नोंदवणं) निवडून तोच पासवर्ड टाक. घाबरून 'कंटिन्यू बूट' दाबलंस तर ड्रायव्हर लोड होणार नाही.