चॉपिंग बोर्डाला ‘चिरफळी’ म्हणावं का?

प्रश्न नौपाड्यातून आला आहे. हाताने केलेले सागवानी चॉपिंग बोर्ड दिवाळीला भेट द्यायचे आहेत. सोबतच्या चिठ्ठीवर ‘चिरफळी’ लिहिलं तर चालेल का?

नको. चिरफळी म्हणजे चिरून किंवा फाटून निघालेला लांबट तुकडा. ‘चिरफळ्या उडाल्या’ आपण कशाबद्दल म्हणतो ते आठवा. भेटवस्तूवर हा शब्द अगदीच नको.

जुना मराठी शब्द सापडत नाही याचं कारण विळी. तिचं पातं स्थिर असतं, भाजी फिरते. खाली फळी लागतच नाही. सुरीने चिरायची सवय लागली तेव्हा फळीची गरज पडली आणि तिचं नावही इंग्रजीच राहिलं.

माझी सूचना ‘चिरपाट’. पोळपाटामुळे ‘पाट’ स्वयंपाकघरात रुळलेला आहेच, आणि ‘ढकलगाडी’सारखा क्रियापदाला नाम जोडून शब्द करणं मराठीला नवं नाही. ‘चि’ मात्र ऱ्हस्व हवा. ‘चिरणे’ मधला ‘चिर’ ऱ्हस्व, भेगेची ‘चीर’ दीर्घ. ‘चीरपाट’ लिहिलंत तर तडा गेलेला पाट वाटेल!

आणि ती चीर खरोखरच पडते. लाकूड लांबीत जवळपास बदलत नाही, रुंदीत मात्र पावसाळ्यात फुगतं आणि हिवाळ्यात आकसतं. ओलावा सगळ्यात वेगाने आत-बाहेर करतो तो रेषा जिथे संपतात त्या दोन टोकांतून, म्हणून भेग तिथूनच सुरू होते. टोकांना तेल जास्त मुरवा. एकाच बाजूला तेल लावलं तर पाट बाक धरतो. तेल औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन. गोडेतेल वाळत नाही, आतच खवट होतं. त्याआधी ८०, १२०, मग २२० नंबरचा पॉलिश पेपर. पाट ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या, उभे राहिलेले तंतू पुन्हा २२०ने घासा. नाहीतर पहिल्याच धुण्यात तो खरखरीत होतो.

वखारीतून घेताना गाभ्याचं लाकूड मागा, कडेचं पांढरट लाकूड किडीला लवकर बळी पडतं. जुन्या दाराची रंगवलेली फळी टाळा, त्या रंगात शिसं असू शकतं.

चिठ्ठीवर जाडी सुतारी मापात छान दिसेल (८ सूत म्हणजे १ इंच):

‘सागवानी चिरपाट, जाडी ६ सूत. धुऊन लगेच पुसावा, उभा वाळवावा, पाण्यात बुडवून ठेवू नये. कोरडा दिसू लागला की दोन्ही बाजूंना तेल लावावं.’